घरच्या घरी मुलांसोबत करता येतील असे विज्ञानाचे प्रयोग सुचवा (किट नको!)

गॅलरीतली_तुळस | ९ मे, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. शीर्षकात सगळं आलंच आहे, तरी थोडं रडगाणं गाते.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला, कोलशेतच्या बाजूला. मुलगा आता सहावीत जाईल, मुलगी तिसरीत. गावची फेरी एप्रिलमध्येच आटोपली, पोहण्याचा क्लास संपला आणि सुट्टी अजून महिनाभर शिल्लक. ऊन असं की पाचच्या आत खाली सोडवत नाही. वैतागून एक 'शंभर प्रयोग'वालं किट मागवलं, १२०० रुपयांचं. त्यातले निम्मे प्रयोग म्हणजे तोच रंग वेगवेगळ्या पाण्यात टाकणे. मोटर फिरली नाही. आणि पुस्तिकेत प्रत्येक पानाखाली काय होणार ते आधीच छापलेलं! लेकाने बसल्या बैठकीत सगळी उत्तरं वाचली आणि किट पलंगाखाली गेलं.

तर स्वयंपाकघरात, गॅलरीत, फार तर सोसायटीच्या गच्चीवर करण्यासारखं काही सांगा. फक्त सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी नको. तो झाला. बाटलीला बूच लावून झाला. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर झाला. (बूच लेकाच्या कानाजवळून गेलं, त्यामुळे हसू जरा उशिराच आलं. बाटली बंद करायची नाही, हे आता आमच्या घरात शिलालेखासारखं आहे.)

चकलीचा_सोऱ्या | ९ मे, रात्री ११.३४

चादरी लख्ख निघाल्या असतील की. आमच्याकडे सिंक याच मिश्रणाने घासतात. हलके घ्या.

निवृत्त_मास्तर | १० मे, सकाळी ६.०५

सोऱ्या, सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात. फेस येतो म्हणून काहीतरी साफ होतंय असं वाटतं, मागे उरतं ते बहुतांशी खारट पाणी. वेगवेगळे वापरा.

तुळस, धागा वाचतो आहे. नौपाड्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. फुरसतीने लिहितो.

सीवूड्सवाला | १० मे, सकाळी ९.४८

किटला सरसकट नावं ठेवू नका, भिंग आणि लोहचुंबक बरे मिळतात त्यात. पण उत्तर आधी छापलेलं असतं ही तक्रार शंभर टक्के खरी.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला प्रयोग म्हणजे कुलूप आणि दोरी. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरी बांधा, खाली कुलूप. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. थोडंसं बाजूला ओढून सोडा आणि दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. जाऊन परत आलं की एक हेलकावा.

सुरू करायच्या आधी मुलांना पैज लावायला सांगा: मोठं कुलूप लावलं तर लवकर हलेल की सावकाश? कागदावर लिहून घ्या, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मी हेच म्हणालो होतो. पुढे काय होतं ते मी इथे सांगत नाही.

दोन_नातवंडांची_आजी | १० मे, दुपारी ३.२०

नेरूळहून लिहिते आहे. टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

हळदीचं पाणी कागदाला फासून वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवलं की लाल होतं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल का होतो, ते तुमच्या मुलीला आपोआप कळेल. हळदीत चुना कालवून कुंकू करत ते हेच. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळून बघा, आमच्याकडे आता पाहुण्यांना तेच सरबत मिळतं.

चकलीचा_सोऱ्या | १० मे, दुपारी ३.४१

पाहुण्यांवर प्रयोग करणाऱ्या आजी, साष्टांग नमस्कार.

गॅलरीतली_तुळस | १२ मे, रात्री १०.२५

सीवूड्सवाले, तुमच्या कुलपाने आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नाही!

लेक म्हणाली मोठं कुलूप लवकर हलेल, लेक (मोठा) म्हणाला सावकाश. कपाटाचं छोटं कुलूप लावलं: दहा हेलकावे, १८ सेकंद. गावच्या घराचं जाडजूड लावलं: १८. दोघंही हरली, म्हणून दोघंही चिडली. मग भाऊसाहेबांनी (म्हणजे लेकाने) मोबाइलवर शोधून सांगितलं की १ मीटरला एका हेलकाव्याला २ सेकंद लागतात, दहाला २० यायला हवेत. आमचं घड्याळ चुकलं, दोरी चुकली, ठाण्यात वारा आहे, सगळी कारणं देऊन झाली. दोरी तीनदा मोजली.

चूक पकडली धाकटीने. दादा कुलूप सोडतानाच 'एक' म्हणत होता! म्हणजे 'दहा' म्हणेपर्यंत नऊच हेलकावे झालेले. नऊ दुणे अठरा. सोडताना 'शून्य' म्हणायचं हे कळल्यावर २० आले, एकदा २०.२. ती अजून कॉलर ताठ करून फिरते आहे.

मग दोरी अर्धी केली. सगळ्यांना (मलाही!) वाटलं १० सेकंद येतील. आले चौदाच्या वर. १० यायला दोरी पाव मीटर करावी लागली. याचं 'का' मला सांगता येत नाही, पण लेकाने मागच्या वर्षीच्या वहीची कोरी पानं काढून तक्ता केला आहे.

सीवूड्सवाला | १२ मे, रात्री १०.५२

'शून्य'ची चूक भारी आहे. माझ्या ऑफिसातले लोकही करतात.

लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, एवढंच सध्या त्यांच्या तक्त्यातून त्यांना दिसू द्या. वर्गमूळ शाळेत येईल तेव्हा ओळखीचं वाटेल.

आणि हो, चार दिवसांनी शून्य सावली आहे, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. ठाण्याचा अक्षांश साधारण १९.२ अंश. सूर्य उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे वाटेत आपल्या डोक्यावरून दोनदा जातो, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या शेवटी. आम्हा नवी मुंबईकरांची १५ मे, तुमची १६. वेळ मात्र बाराची नाही, १२.३५ ची. घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर आणि आपण त्र्याहत्तरच्या जवळ, साडेनऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरून गुणाकार करा. त्यात वर्षभर काही मिनिटं इकडेतिकडे होतात, मे महिन्यात ती आपल्या बाजूने.

गॅलरीतली_तुळस | १६ मे, दुपारी २.१५

आत्ताच गच्चीवरून आलो. पाण्याची स्टीलची बाटली उभी ठेवली होती. सव्वाबाराला बुडाशी बोटभर सावली, मग नखाएवढी, आणि १२.३५ ला काहीच नाही. प्लंबरने ठेवून दिलेला पाइपचा तुकडा उभा धरला तर उजेड आरपार, खाली फरशीवर अख्खा गोल! बघता बघता बिल्डिंगमधली सात-आठ मुलं जमली. वॉचमनकाका स्वतःभोवती गिरकी घेऊन सावली शोधत होते आणि धाकटी उड्या मारून बघत होती, कारण उडी मारली की पायाखालची सावली बाहेर पडते.

सूचना: चपला घालून जा. आम्ही उत्साहात अनवाणी गेलो, तळपाय अजून चुरचुरतायत. आणि वर सूर्याकडे बघायचं नाही, सगळी मजा जमिनीवरच आहे.

निवृत्त_मास्तर | १७ मे, सकाळी ५.५०

वा. आता माझा.

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. हा तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाहिला आहे. का चढतं, सांगा बरं?

चकलीचा_सोऱ्या | १७ मे, सकाळी ८.१२

सर, ऑक्सिजन जळून जातो, हवेचा एक पंचमांश, त्याची जागा पाणी घेतं. पाच मार्क द्या.

निवृत्त_मास्तर | १७ मे, सकाळी ८.३०

शून्य. पण मीही कितीतरी वर्षं हेच शिकवलं, त्यामुळे माझेही शून्य.

मला एका मुलीने सातवीच्या वर्गात विचारलं होतं, "सर, ऑक्सिजन मेणबत्ती जळत असताना संपतो, मग पाणी विझल्यावर का चढतं?" मी तिला खाली बसवलं. घरी येऊन केला आणि खरंच, जळत असताना पाणी जवळपास जागचं हलत नाही, ज्योत गेली की झपकन वर जातं. त्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सॉरी म्हटलं, पण अजून बोचतं.

तुमच्या मुलांना तीन गोष्टी करायला सांगा. एक, पाणी नेमकं केव्हा चढतं ते मोबाइलवर चित्रित करून सावकाश चालवून बघा. दोन, एका मेणबत्तीऐवजी तीन लावा. ग्लास तोच, हवा तीच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणीही तेवढंच चढायला हवं ना? तीन, मेणबत्तीच नको. ग्लास गरम पाण्याने विसळून रिकामा करून उपडा घाला.

ज्योत हवा तापवते, तापलेली हवा फुगते, काही वेळा ग्लासाच्या कडेने बुडबुडे निघून जातात तेही दिसतात. विझली की हवा थंड होऊन आकसते, वाफ काचेवर जमते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन नाहीसा होत नाही, बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन तिथेच असतो, आणि सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत मान टाकते.

मोठं माणूस जवळ हवं, केस बांधलेले हवेत, पातळ काच नको.

सीवूड्सवाला | १७ मे, सकाळी १०.०२

सर, म्हणजे परीक्षेत काय लिहायचं?

निवृत्त_मास्तर | १७ मे, सकाळी १०.४०

जे पाहिलं ते.

बरं, तुळसचा मुलगा सहावीत जातो आहे म्हणून सांगतो. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, तिच्यात एक फेरी प्रात्यक्षिकाची आहे. क्लासवाले त्याचीही घोकंपट्टी करून घेतात. तिकडे न जाता आत्ता चाललंय तसंच चालू द्या. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे काय आहे याची चौकशी करून ठेवा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची. आणि अरविंद गुप्ता यांची खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर माणूस, १९७८ साली होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आगपेटीच्या काड्यांना जोडून भूमिती शिकवू लागला. चौकोन करा, दाबा, कलंडतो. त्रिकोण दाबा, हलत नाही. मग पत्र्याच्या शेडचे आणि रेल्वेच्या पुलाचे त्रिकोण मुलांना दिसायला लागतात. ती ट्यूब जुन्या सायकल दुकानात अजून मिळते, नाही मिळाली तर सलाइनची नळी चिरून घ्या.

दोन_नातवंडांची_आजी | १९ मे, दुपारी ४.०५

नळीवरून आठवलं. माझ्या माहेरी पितळेचा वासुदेवाचा पेला होता. मधे वासुदेव, डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचं. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं रे लागलं की सगळं पाणी खालून वाहून जातं, यमुना ओसरल्यासारखं. लहानपणी आम्ही तो चमत्कारच समजायचो, आजोबा हसत बसायचे.

गेल्या गोकुळाष्टमीला नातवाने केला. प्लॅस्टिकच्या ग्लासाला बुडाशी भोक, त्यातून नळी वर आणून वाकवली आणि तोंड परत बुडाजवळ नेलं. भोकाभोवती एमसील. पाणी नळीच्या वाकड्या भागाच्या वर गेलं की थांबतच नाही, तळापर्यंत रिकामा होतो.

सीवूड्सवाला | १९ मे, दुपारी ४.३०

आजी, अप्रतिम! वॉशिंग मशीनच्या खणात फॅब्रिक कंडिशनर घालतो तो कप्पा असाच रिकामा होतो. त्याच्यावरची टोपी काढून मुलांना दाखवा, आत वासुदेव सापडेल.

खाडीकिनारा | २१ मे, रात्री ९.१५

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. हा धागा बायकोने दाखवला. तुम्ही लोक सगळं घरातच करता, जरा खाडीवर या.

आमच्या आजोबांचा हिशोब सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजची तिथी बघा. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे तिनाने गुणून चाराने भागा. येईल ती भरतीची वेळ, दिवसाचीही आणि साधारण रात्रीचीही. पंचमी असली तर पावणेचार. अष्टमीला सहा. पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं नि तेवढंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळशी.

पोरांना जेटीच्या पायऱ्या मोजायला लावा. दर अर्ध्या तासाला पाणी कितव्या पायरीला आहे ते लिहायचं. वाशीला सागर विहारलाही जमेल. पण पायऱ्यांवरूनच. चिखलात उतरायचं नाही, कमरेपर्यंत रुतलेली माणसं आम्हीच ओढून काढतो.

सीवूड्सवाला | २१ मे, रात्री ९.४०

एक शंका. पाऊण म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं. पण पंधरा तिथ्यांत बारा तास सरकायला हवेत, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. मग पौर्णिमेला सव्वाअकरा नाही, बारा यायला हवेत.

खाडीकिनारा | २१ मे, रात्री ९.५५

साहेब, आजोबांकडे घड्याळ नव्हतं आणि होडीला तुमची तीन मिनिटं कळत नाहीत. अठ्ठेचाळीसने तोंडी गुणून दाखवा.

चकलीचा_सोऱ्या | २१ मे, रात्री ९.५८

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. तेही प्रयोग म्हणून. दाण्यातल्या पाण्याची वाफ वगैरे.

गॅलरीतली_तुळस | ३ जून, रात्री १०.००

मेणबत्तीचं: तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त चढलं, सर. लेकाने शाळेतल्या मित्राशी यावरून भांडण काढलं आहे, मित्राकडे गाइड आहे आणि याच्याकडे व्हिडिओ.

खाडीचं: चतुर्थीला मुलं बाबासोबत कोलशेतच्या घाटावर गेली. हिशोबाने तीन. तीनला पाणी अजून चढतंय. साडेतीनलाही चढतंय. मग भेळ खाल्ली.

खाडीकिनारा | ३ जून, रात्री १०.२०

भरती आधी समुद्रावर, मग खाडीत. आत आत जाल तशी उशिरा. तुमचं कोलशेत किती आत आहे बघा की नकाशात. एकदा पाणी थांबण्याची वेळ लिहा, मग दर तिथीला तेवढा उशीर धरायचा. प्रत्येक बंदराचा आपापला असतो.

पाऊसवेडा | ९ जून, सकाळी ७.३०

पाऊस आला की मुलांना पर्जन्यमापक करायला लावा. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. मानेपाशी निमुळती होणारी बरणी चालत नाही. गच्चीत भिंतीपासून दूर ठेवा, वाऱ्याने उडू नये म्हणून विटांत अडकवा, रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा आणि पाणी ओतून द्या. हवामान खातंही साडेआठ ते साडेआठच मोजतं. ६४.५ ते ११५.५ मिमी झाला तर त्यांच्या भाषेत 'जोरदार पाऊस', २०४.४ च्या वर गेला की सगळ्यात वरचा वर्ग.

"खात्याचा आकडा असतोच की" असं कुणी म्हणेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. तुमच्या गच्चीवर किती पडला ते तुमच्या डब्यालाच ठाऊक.

बाकी पावसाळ्यात तुरटीचे स्फटिक करायला घेऊ नका. मिठाला पाणी सुटतं त्या हवेत वाटीतलं पाणी काही उडत नाही. स्फटिकासाठी वाटीत सोडलेला आमचा दोरा तीन आठवडे लोंबकळत होता. त्यापेक्षा पावाचा तुकडा पिशवीत बंद करून बुरशी बघा, आणि पिशवी न उघडता फेकून द्या.

गॅलरीतली_तुळस | २४ जून, रात्री ९.४५

लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

डब्याचं काम धाकटीने आपल्याकडे घेतलं आहे. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे, त्यामुळे ही रोज आठ पंचवीसला त्यांच्या दारात. पहिले चार दिवस त्यांनी कौतुक केलं, पाचव्या दिवशी डुप्लिकेट किल्ली दिली. आज सकाळी ८२ मिमी! आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. संध्याकाळी विचारते, "आई, ८२ मिलिमीटर म्हणजे किती पाणी?" मी म्हटलं, डब्यात आहे तेवढं. ती म्हणे, "डब्यात नाही, गच्चीवर."

मग दादा मदतीला आला. १ चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे बरोबर १ लिटर, हे त्याने विटा रचल्यासारखं काढून दाखवलं. गच्ची मोजायला टेप लहान पडला, तर कुलपाची तीच १ मीटरची दोरी काढली. दोघं भर पावसात रेनकोट घालून एक एक मीटर सरकत होते. लांबी २४, रुंदी १५. गुणाकाराला मी कॅल्क्युलेटर दिला नाही. ३६० गुणिले ८२, उत्तर २९,५२० लिटर.

आमच्याकडे टँकर येतो तो १०,००० लिटरचा. उन्हाळाभर आठवड्याला किती येतात ते घोडबंदरवाल्यांना सांगायला नको. धाकटी तशीच ओल्या रेनकोटने सेक्रेटरीकाकांकडे गेली आणि म्हणाली, "काका, काल आपल्या गच्चीवरून तीन टँकर गटारात गेले."

काका आधी हसले, मग म्हणाले वही दाखव. पानं उलटत बराच वेळ उभे होते. रविवारी मीटिंग आहे, तिथे न्यायला वही मागत होते.

हिने दिली नाही. उद्या साडेआठला परत लिहायचंय म्हणे. झेरॉक्स देईन.

दोन_नातवंडांची_आजी | २४ जून, रात्री १०.०१

दृष्ट काढ गं तिची.

सीवूड्सवाला | २४ जून, रात्री १०.१०

गच्चीवरचं पाणी साठवायचं ठरलं तर पहिल्या पावसाचं पाणी घाण असतं, ते वेगळं सोडायला एक व्हॉल्व्ह लागतो. मीटिंगच्या आधी हवं असेल तर चित्र काढून इथे टाकतो. आणि २७ जुलै विसरू नका, सूर्य परत डोक्यावर. यावेळी पावणेएकला.

चकलीचा_सोऱ्या | २४ जून, रात्री १०.१४

ढग असणार हो तेव्हा.

गॅलरीतली_तुळस | २४ जून, रात्री १०.३०

असू देत. डबा तर असेलच वर.

सीवूड्सवाले, चित्र टाकाच. शक्य तितकं सोपं, तिसरीला कळेल असं.